दोन नंबरवाले, तीन नंबरवाले आणि आमचे हे

चहा घ्या आधी, थंड होतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात की माझी लय तुटते. अमेरिकेचे तीन मेलेले राष्ट्राध्यक्ष मी आमच्या तलावाच्या पाळीवर रांगेत उभे केले होते. हो, मीच! जिला सहीच्या जागी अंगठा लावावा लागतो, ती मी!

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. पण उगाच नव्हतं फिरलं.

आमचं गाव गोंडपिपरीकडचं. आम्ही जाळ्यावर जगणारी माणसं. तलावात मासे, पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि उरलेल्या दिवसांत एकमेकांच्या घरात काय चाललंय त्याची चौकशी. आमच्यात एक चाल आहे. लेकरू जन्मलं की पाचव्या दिवशी विचारायचं, ‘कोण आलं?’ म्हणजे घरातलं गेलेलं कोणतं माणूस परत आलं? लेकरू रडत असलं की जवळच्या माणसाने गेलेल्यांची एकेक नावं घ्यायची. ज्या नावावर लेकरू गप्प झालं, तो आला! सोपं वाटतं ना? अजिबात नाही. त्याला कान लागतो. भुकेचं रडणं वेगळं, मुंगी चावल्याचं वेगळं, आणि ‘मला ओळखा ना रे’ म्हणून रडणं वेगळं. गावातली निम्मी लेकरं माझ्या कानाने ओळखली आहेत. बढाई नाही मारत. खरं आहे म्हणून सांगते.

फक्त एक माणूस काही केल्या येईना. आमचे हे.

विलासचे आजोबा हो. त्यांना जाऊन तीन पावसाळे झाले. गेले त्या सकाळी म्हणाले, ‘आज सुक्या झिंग्याची चटणी कर न.’ मी परे उपटायला निघाले होते, धानाची रोपं वाट पाहत नाहीत. म्हटलं, ‘उद्या करतो.’ आणि दुपारी बांधावरच मला निरोप आला. कसली उद्या आणि कसली चटणी! तेव्हापासून तो झिंगा घशात अडकल्यासारखा आहे. चाळणीत झिंगे पाहिले की मी तोंड फिरवते.

म्हणून घरात कोणाला दिवस गेल्याचं कळलं की माझे कान टवकारतात. दोन वर्षांपूर्वी पुतण्याला पोरगी झाली. मी किती आशेने गेले! आणि कोण आलं असेल? माझी सासू! नाव घेतल्याबरोबर पोरगी गप्प झाली आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी पदर सारखा केला. मेल्यावरही बाई माझ्या कामात खोट काढायला आली.

तर आता उरला विलास, माझा नातू. तो कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत गेला, बायकोला घेऊन गेला. नातसून रोशनीला दिवस गेले तेव्हा मी इथे बोटं मोजत होते. आता माझं वय झालं. यानंतरच्या लेकरापर्यंत मी राहते की मीच रांगेत लागते, कोण सांगावं?

आणि एक दिवस सकाळी कुंदा, माझी सून, विलासची आई, हातातला झाडू टाकून ओरडली.

“आई! पोरगा झाला! विलासले पोरगा झाला!”

“रोशनी कशी आहे?”

“बरी आहे. दोघंबी बरे आहेत.”

मी लगेच थाळी घेतली आणि पळीने असा ठणाणा केला की शेजारच्या कोंबड्या कौलावर चढल्या. सगळं चांगलं चाललं होतं बघा. तिथेच थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

पण आमच्या गावात एक रिटायर गुरुजी आहेत. ते रोज सकाळी सगळ्या गावाच्या मोबाइलवर ‘आजचा दिनविशेष’ टाकतात. आज काय घडलं होतं, कोण जन्मलं, कोण वारलं. मला वाचता येत नाही, म्हणून कुंदा चहा पिता पिता वाचून दाखवते आणि मी ऐकते. ऐकलेलं मी विसरत नाही. हा माझा गुण आहे आणि तोच माझा घात करतो.

“आई, आजची तारीख तर पाहा,” कुंदा म्हणाली. “चार जुलै! सगळं अमेरिकेचंच आहे.”

“वाच बरं. आता आपलं पोरगं तिथलं झालं.”

कुंदा वाचायला लागली. आजच्या दिवशी अमेरिकेने ‘आम्ही आता स्वतंत्र’ असं जाहीर केलं. म्हणजे देशाचा वाढदिवस! मी खूश. पोराच्या वाढदिवसाला दरवर्षी देशभर सुट्टी! मग वाचलं, त्यांचे एक राष्ट्राध्यक्ष याच दिवशी जन्मले. तीस नंबरचे. मी आणखी खूश.

“आणि याच दिवशी,” कुंदा वाचत होती, “देशाले पन्नास वर्षं पुरी झाली त्याच दिवशी त्याईचे दोन नंबरचे आणि तीन नंबरचे राष्ट्राध्यक्ष वारले. दोघंबी एकाच दिवशी. आणि पाच वर्षानं, पुन्हा चार जुलैलेच, पाच नंबरचे वारले.”

माझ्या हातातली बशी कलली.

तुम्हाला काही समजलं का? नाही ना? जाळ्यावर जगणाऱ्या माणसाला लगेच समजतं. तलावात प्रत्येकाचा घाट ठरलेला असतो. दुसऱ्याच्या घाटावर तुम्ही जाळं टाकलं, तर पहिल्या माशावर हक्क घाटवाल्याचा. आता लेकरू जन्मलं कुठे? अमेरिकेच्या घाटावर. दिवस कोणता? त्यांचे तीन-तीन मोठे लोक ज्या दिवशी गेले तोच दिवस. ते तिघं इतकी वर्षं दारातच ताटकळत असणार! आणि आमचे हे बिचारे लाजाळू. बसमध्येसुद्धा दुसऱ्याला आधी चढू देणार. यांना कोण पुढे जाऊ देतो?

चहा तसाच ठेवून मी गुरुजींकडे निघाले.

गुरुजी ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

“गुरुजी, ते चार नंबरवाल्याचं काय झालं?”

“कोण चार नंबरवाला, काकू?”

“अमेरिकेचा! दोन, तीन आणि पाच नंबरवाले चार जुलैले गेले. मंग चार नंबरवाला कवा गेला?”

गुरुजी फेसासकट उठले, पुस्तक काढलं, चष्मा शोधला.

“तो जूनच्या अठ्ठावीसले गेला. सहा दिवस आधी.”

“थोडक्यात हुकला म्हणजे! बरं झालं, एक तरी कमी झाला.”

“काकू, तुमाले हे कायले पाह्यजे?”

मी सांगितलं. गुरुजी शिकलेला माणूस, त्यांनी हसायला पाहिजे होतं की नाही? नाही हसले. दाढीचा ब्रश हवेत धरून म्हणाले, “काकू, हे मोठे लोकं होते. तुमच्या घरी आले तर गावाचं नाव होईल.” मग मला त्यांनी तिघांची नावं शिकवायला घेतली. पण ती नावं माझ्या तोंडात बसेनात. दातच नाहीत, नावं कुठे अडकतील? शेवटी ठरलं की नंबरांनीच बोलवायचं. राष्ट्राध्यक्ष आहेत, त्यांना आपला नंबर माहीत असेलच.

परत येते तर दारात सखुबाई! माझी नणंद, यांची धाकटी बहीण. गावातच दिलेली, म्हणून आमच्या घरात पानही हललं तरी तिला तिकडे वारा लागतो.

“वहिनी, आयकलं मी. पण सांगून ठेवतो, यावेळी माह्या बाबाची पाळी आहे.”

“काऊन? तुह्या बाबाले जाऊन तीस वर्षं झाली. येयाचं असतं तर आले नसते काय?”

“म्हणूनच न! सिनियर आहेत ते. दादाले जाऊन तीनच वर्षं झाले. लाइन तोडून राह्यली काय तू?”

“सखुबाई, लायनीत आता तीन राष्ट्राध्यक्ष आहेत. भांडायचं असल तर त्याईच्यासंग भांड.”

आणि हे बोलताना रस्त्यावरून चार बाया रोवणीला जात होत्या. संपलं! दुपारपर्यंत धानाच्या सगळ्या बांध्यांमध्ये एकच विषय. संध्याकाळी सरपंच स्वतः आले. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत अशी झाली होती की, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आमच्या घरी यायचं नक्की झालं आहे.

“आजी,” सरपंच खाटेवर टेकत म्हणाले, “जर का राष्ट्राध्यक्ष निंगला, तर आपण वर अर्ज करू. गावाचा रस्ता झाला पाह्यजे. राष्ट्राध्यक्षाच्या गावाले रस्ता नाई म्हणजे शोभते काय?”

“आणि तलावातला गाळ?” मागून कोणीतरी.

“तोबी काढू.”

“मोबाइलचं टावर?”

“लावू!”

“अरे पण मले माहे हे पाह्यजेत!” मी ओरडले.

सरपंच समजुतीच्या आवाजात म्हणाले, “आजी, आजोबा देवमाणूस होते. पण त्याईच्या नावावर रस्ता नाई भेटत न.”

घ्या! मेलेल्या माणसाकडे गावाने रस्ता मागावा, हे कुठे ऐकलंय?

पाचवा दिवस उजाडला. आमच्या गावात पडद्यावर माणूस दिसेल एवढी रेंज एकाच जागी येते, तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली. म्हणून सगळं बिऱ्हाड तिकडे. मी सुपात तांदूळ पसरला, त्यावर धान मोजायची पायली उपडी ठेवली आणि पायलीला टेकवून मोबाइल उभा केला. भुरभुर पाऊस होता, कुंदाने मोबाइलवर छत्री धरली. माझ्यावर नाही धरली, मोबाइलवर! मागे सगळं गाव. आपल्याकडे सकाळ, तिकडे रात्र. पडद्यावर विलास आणि रोशनी. पोरगं रोशनीच्या मांडीवर, लाल मिरचीसारखं, आणि काय रडत होतं! कान लावला. तेच रडणं! ‘मला ओळखा ना रे!’

“विलास, मधात बोलजो नको. रोशनी, पोराले हलवजो नको.”

“हो आजी.”

आधी सखुबाई. चालीप्रमाणे ज्याची ओढ जास्त, त्याने नाव घ्यायचं. तिने दोन्ही हात जोडून आपल्या बापाचं नाव घेतलं. पोरगं रडतच राहिलं. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. अजून जोरात! सखुबाईने नाकाला पदर लावला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग माझी पाळी. मी मोबाइलच्या अगदी जवळ गेले आणि म्हटलं, “आमचे हे.”

पोरगं रडतंय.

“विलासचे आजोबा हो. हे.”

रडतंय.

“तिकडचे. मालक. आलात काय?”

पोरगं असं केकाटलं की मोबाइल पायलीवरून घसरला. तीन वेळा बोलावून झालं होतं.

आता राष्ट्राध्यक्ष. घाटवाल्यांना डावलून कसं चालेल? मी डोळे मिटले. “दोन नंबरवाले.” रडणं. “तीन नंबरवाले.”

शांत.

एकदम शांत! पोराने तोंड मिटलं, डोळे उघडले आणि एक जांभई दिली. राष्ट्राध्यक्षासारखी.

पाळीवर जो गोंधळ झाला म्हणता! कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टोप्या उडवल्या, सरपंच गुरुजींना मिठी मारून म्हणाले, “रस्ता! रस्ता!” पाच नंबरवाल्याला तर कोणी विचारलंच नाही.

आणि मी? मी सुपातला तांदूळ भरून घेतला आणि कोणाशी न बोलता घरी आले. खुंटीला यांचं जाळं अजून टांगलेलं आहे. त्याच्यासमोर उभी राहिले आणि खूप बोलले. “जन्मभर दुसऱ्याले आधी चढू देल्लं! तिथंबी तेच केलं न? तीन नंबरवाल्याले म्हटलं असल, तुमी बसा साहेब, मी मागून येतो!” दोन दिवस मी जेवले नाही. म्हणजे भात खाल्ला, पण भाजी नाही घेतली.

गाव मात्र आनंदात. मी रस्त्याने निघाले की टपरीवरचे पोट्टे उठून उभे राहायचे. “राष्ट्राध्यक्षाची पणजी आली रे!” सरपंचांनी अर्ज लिहायला घेतला. कुंदापण कमी नाही. पोराचा फोटो पाहून म्हणते, “आई, कपाळ पाहा न, एकदम हापिसरावानी.”

तिसऱ्या दिवशी विलासने दवाखान्यातून मिळालेला एक कागद मोबाइलवर पाठवला. वर पोराचं वजन, उंची, आणि खाली पोराच्या दोन्ही तळपायांचे काळे ठसे. तो पाहून मात्र मला हसू आलं. मी आयुष्यभर अंगठा लावत आले, या पोराने तर पहिल्याच दिवशी सरळ पाय लावला!

गुरुजी आणि सरपंच आमच्या ओसरीवरच होते, अर्जाला तो कागद जोडायचा म्हणून. गुरुजी मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता थांबले.

“काय झालं गुरुजी?” सरपंचांनी विचारलं.

“जन्म तारीख... तीन जुलै.”

“तीन कसा? चार होता न! आपल्याले चारलेच सकाळी फोन आला.”

गुरुजींनी कागद मांडीवर ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. “आपल्याकडं चारची सकाळ, तवा त्याईच्याकडं तीनची रात्र! ते मागून येतेत. अरे, चाळीस वर्षं भूगोल शिकवला मी!”

“म्हणजे?”

“म्हणजे पोरगं जन्मलं तवा तिथं चार जुलै लागलाच नव्हता. राष्ट्राध्यक्षाईचा काई संबंध नाई.”

सरपंचांचा चेहरा असा झाला, जसा काही झालेला रस्ता पुरात वाहून गेला. त्यांनी अर्जाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. “गुरुजी, दिनविशेष टाकत जा, पण थोडा पाहून टाकत जा न वो!”

आणि मी? मी उठून उभी राहिले. राष्ट्राध्यक्ष गेले होते घरी आपापल्या! घाट मोकळा! पण लगेच खाली बसले. कारण आमचे हे तर त्यांच्याही आधी नापास झाले होते ना? तीन वेळा बोलावलं, नाही आले.

तेवढ्यात दारातून सखुबाई म्हणाली, “येतीन कसे? तू बलावलंच कुठी?”

“बलावलं न! सगळ्या गावानं आयकलं.”

“काय बलावलं? ‘आमचे हे’! अवो वहिनी, सगळ्या जगातल्या बाया नवऱ्याले ‘हे’ म्हणतेत. तेथं वरती किती ‘हे’ बसले असतीन! कोणता ‘हे’ उठंल? तू दादाचं नावच नाई घेतलं.”

अशी चपराक बसली म्हणता! मी गावातल्या निम्म्या लेकरांना ओळखणारी! अमेरिकेच्या लोकांना नंबर लावून बोलावणारी! आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव नाही घेतलं. लक्षातच आलं नाही हो. घेतलंच नव्हतं कधी. लग्नात उखाण्यात घ्यायचं होतं, तेव्हाही मी तोंडात पदर कोंबला आणि करवलीने घेतलं. राशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानात, नवऱ्याचं नाव विचारलं की मी शेजारणीकडे पाहायची आणि ती सांगायची. वरून माझा धाक असा की, नवऱ्याचं नाव घेणाऱ्या आजकालच्या पोरींना मीच नावं ठेवायची.

“सखुबाई,” मी हळूच म्हटलं, “तूच घे न नाव. भाऊ आहे तुहा.”

“मी काऊन घेऊ? ओढ तुले आहे. चटणी मी ठेवली होती काय उद्यावर?”

चटणीचं मी फक्त तिच्याजवळ एकदा बोलले होते. तिचेही डोळे भरले होते. मग तीच म्हणाली, “माह्या बाबाचं जाऊ दे. ते सिनियर आहेत, थांबतीन. उद्या सकाळी पाळीवर चाल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सूप, तीच पायली, तीच छत्री. मी म्हटलं होतं गाव नको. पण गावाला नको म्हटलं की गाव जास्त येतं. मागच्या वेळी जे रोवणीला गेले होते तेही आले, कारण बातमी गेली होती की म्हातारी आज नवऱ्याचं नाव घेणार! राष्ट्राध्यक्षांसाठी जेवढी गर्दी नव्हती तेवढी या नावासाठी.

पडद्यावर पोरगं रडत होतं. विलास म्हणाला, “आजी, घे.”

मी तोंड उघडलं. बंद केलं.

“घ्या न आई,” कुंदा.

उघडलं. बंद केलं. कानाच्या पाळ्या तापल्या. वाटलं, समोरच्या तलावात बुडी मारावी.

“वहिनी! पोरगं रडून राह्यलं न वो!”

मग मी पदर घट्ट खोचला. डोळे मिटले. समोर तलाव नाही, गाव नाही, मोबाइल नाही. नुसते ते, खांद्यावर जाळं, ओलं धोतर. आणि असं ओरडले, असं ओरडले, की पलीकडच्या पाळीवरचे बगळे उडाले! नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात. वरून म्हटलं, “या हो! चटणी करतो!”

शांत.

पोराचं रडणं बंद! एका फटक्यात! मी डोळे उघडले. पडद्यावर पोरगं माझ्याकडे टक लावून पाहत होतं. पापणी हलवत नव्हतं.

“आले!” सखुबाईने किंकाळी फोडली. “दादा आला वो!”

मी तिथेच चिखलात बसले. रडले, हसले, पुन्हा रडले. बायांनी मला उचललं. सरपंचसुद्धा रस्ता विसरून टाळ्या वाजवत होते. घरी येऊन मी चूल पेटवली, तीन वर्षांनी सुके झिंगे भाजले, पाट्यावर लसूण-मिरची वाटली. आलेल्या प्रत्येकाच्या हातावर चटणी ठेवली. “घ्या, आले ते! घ्या!” वास असा सुटला की शेजारची मांजरं अंगणात सभेला बसली.

दोन घंट्यांनी कुंदाने मला पाळीवर नेलं. विलासचा फोन आला होता.

“आजी, नाव घेतलं काय मंग? काय झालं?”

“काय झालं म्हणजे? तुह्यासमोरच तर घेतलं!”

“कुठी वो आजी! तू पदर खोचला, तोंड उघडलं आणि नेटच गेलं. आमाले अर्धा तास नुसतं तुहं उघडं तोंड दिसत होतं. आवाज काहीच नाई. आमच्याकडं पोरगं रडून रडून झोपलं.”

कुंदा छत्रीत तोंड लपवून हसत होती.

“आता घे न आजी, मी आयकतो.”

तुम्हाला काय वाटतं, घेतलं असेल? एकदा धरण फुटायचं होतं, फुटलं. पुन्हा गाळ बसला. ओठच उघडेनात. विलास म्हणतो, “आजी, पुढच्या रविवारी घेजो.” असे किती रविवार गेले. मी पाळीवर जाते, मोबाइलसमोर बसते, पोरगं आता हसतं, रडतच नाही. आणि मी म्हणते, “आमचे हे.”

आता तुम्ही मला त्यांचं नाव विचारू नका. गावात कोणालाही विचारा. टपरीवर विचारा, सरपंचांना विचारा, शाळेतलं शेंबडं पोरगंसुद्धा बापाच्या नावासकट सांगेल. सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे.

एक आमचा पणतू सोडून.